देवळालीचे गणितानंद

सुरतेहून मुंबईला निघालेली गाडी वापी, संजाण, उंबरगाव मागे टाकून महाराष्ट्राच्या हद्दीत शिरली की थोड्याच वेळात डहाणू रोड येते. चिकूच्या बागांमुळे हे गाव प्रवाशांना परिचित आहे. याच गावी १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला, ही गोष्ट मात्र आपल्या किनारपट्टीवरही फार थोड्यांच्या स्मरणात असेल.

आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. पिता कारकून, पण ज्योतिषाचे वेडे. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण घडले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते आणि अल्प वेतनातून पदरमोड करून आपल्या पुस्तिका छापीत राहिले.

त्यांच्या एका शोधाचे नाव रेल्वे स्थानकावरून आले आहे. डोंबिवलीस तेव्हा डेम्लो म्हणत. तेथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. १११ चा वर्ग १२३२१; नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. आकडे चढत जातात आणि तसेच उतरतात. हा मुलांचा खेळ वाटेल. पण ज्या एकांच्या ओळीचा हा वर्ग, ती ओळ मोठी अवघड वस्तू आहे. तिला स्वतःखेरीज व एकाखेरीज दुसऱ्या कशाने भाग जात नाही, म्हणजेच ती मूळ संख्या आहे, असे क्वचितच घडते. एकांची गणती मूळ असल्यावाचून हे शक्य नाही, आणि तेवढेही पुरत नाही. १११ म्हणजे ३७ ची तिप्पट; पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. ११ नंतर एकदम १९ एकांची ओळ मूळ निघते, मग २३ एकांची, आणि त्यानंतर थेट ३१७ एकांची. ती मूळ असल्याचे १९७७ साली सिद्ध झाले.

आपल्याकडील अनेक विद्वानांनी कापरेकरांच्या संख्यांना क्षुल्लक मानून हसण्यावारी नेले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दशमान पद्धती सोडली की यांतील पुष्कळ चमत्कार विरून जातात. पण ६१७४ या स्थिरांकाचा त्यांचा शोध ज्याने कागदावर करून पाहिला आहे, त्याला तो विसरता येत नाही. चार आकडे, सर्व सारखे नसलेले, घ्यावेत. उतरत्या मांडणीतून चढती वजा करावी. येणाऱ्या बाकीवर तेच करीत जावे. फार तर सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ हाती येतात. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे स्वदेशी विद्वानांच्या भुवया उंचावल्या. आमच्या मते ही नामुष्की विद्वानांची, मास्तरांची नव्हे.

१९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून जगाच्या गणितात नाव झालेला हा मनुष्य देवळालीत शिकवण्या करीत राहिला. १९८६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच साली विल्यम्स आणि डबनर यांनी १०३१ एकांची ओळ मूळ असल्याचे सिद्ध केल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ४९,०८१ एकांच्या ओळीची सिद्धता २०२२ साली मिळाली. अशा मूळ ओळी अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.