ग्रानाडाचा भिकारी : संत योहान दे दिओस

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र शवाच्या दर्शनासाठीं जुन्या गोव्यास जाणारे आपले यात्रेकरू बॉम जेझूच्या मंदिरांतून बाहेर पडले म्हणजे बहुधा परतीच्या वाटेस लागतात. तेथून थोडी चढण चढून सेंट मोनिकाच्या मठाकडे गेलें, तर जवळच संत योहान दे दिओस, म्हणजे देवाचा योहान, ह्या नांवाचा एक जुना मठ दिसतो. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्याच्या धर्मबंधूंनीं सतराव्या शतकांत तो बांधिला. परंतु हा योहान कोण होता, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत त्याचें चरित्र देण्यास एक विशेष कारण आहे. दारीं आलेल्या अनोळखी माणसास मदत करावी कीं न करावी, आणि केली तर पदरांत काय पडतें, हा वाद आपल्या घराघरांत होतो. ह्या पुरुषाच्या पदरांत जें जें पडणें शक्य होतें तें सर्व पडलें.

योहानाचा जन्म पोर्तुगाल देशांतील मोंतेमोर-ओ-नोव्हो ह्या गांवीं 1495 सालीं झाला. आईबाप गरीब, पण अतिथीस विन्मुख न पाठविणारे. परंपरेनें सांगतात कीं, त्यांच्या घरीं एकदां एक प्रवासी उतरला, आणि त्याच्या तोंडच्या दूरदेशींच्या गोष्टी ऐकून आठ वर्षांचा योहान त्याच्या मागोमाग घर सोडून गेला. आई त्या दुःखानें लवकरच वारली. बापानें फ्रान्सिस्कन मठाचा आश्रय घेतला. आतिथ्याचें हें फळ! इकडे तें मूल स्पेनमधील ओरोपेसा येथें एकटें पडलें. तेथील सरदाराच्या कारभाऱ्यानें कोण कोठला न विचारतां त्याला घरांत घेतलें, अन्नवस्त्र दिलें आणि मेंढरें राखण्याचें काम शिकविलें. एका अनोळखी माणसामुळें ज्याचें घर गेलें, त्याला दुसऱ्या अनोळखी माणसानें घर दिलें.

तरुणपणीं तो सैन्यांत शिरला. त्या दिवसांचें वर्णन करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. छावणींतले इतर शिपाई जसे वागत तसाच तोही वागे. एकदां लुटीच्या मालावर पहारा करीत असतां माल चोरीस गेला, आणि कप्तानानें त्याला फांशीं देण्याचा हुकूम सोडला. कोणा थोर गृहस्थानें रदबदली केली म्हणून जीव वांचला. पुढें अनेक वर्षांनीं तो गांवीं गेला, तेव्हां आईबापांची हकीकत चुलत्याकडून कळली. तेव्हांपासून त्याचें मन कोठें रमेना.

ह्या भटकंतींतच त्याची गांठ एका पोर्तुगीज सरदाराच्या कुटुंबाशीं पडली. राजाच्या अवकृपेमुळें त्यांस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता येथें हद्दपार केलें होतें. तेथें आजारानें व दारिद्र्यानें त्यांची अन्नान्नदशा झाली. योहान तटबंदीच्या कामावर दगडमाती वाहूं लागला आणि रोजची मजुरी त्या घरांत नेऊन देऊं लागला. तीं त्याचीं ना नात्याचीं, ना गोत्याचीं. ज्या दिवशीं काम मिळत नसे त्या दिवशीं तीं सर्व मंडळी उपाशी राहत, पण कोणी कुरकुरत नसे. माझ्या मतें योहानाच्या साधुत्वाचा आरंभ येथें शोधावा, ग्रानाडांत नव्हे.

स्पेनला परत आल्यावर तो जिब्राल्टरच्या आसपास पाठीवर गांठोडें घेऊन धार्मिक पुस्तकें व चित्रें विकीत फिरला. गिऱ्हाइकें जमावीं म्हणून शूरवीरांच्या गोष्टींचीं पुस्तकेंही तो ठेवी आणि तीं मागणारास धर्मपुस्तकाची शिफारस करी. शेवटीं ग्रानाडा शहरांत एल्विरा वेशीपाशीं त्यानें लहानसें दुकान थाटलें. वय चाळिशीच्या पलीकडे गेलें होतें. अशांत संत सेबास्तियनच्या सणाच्या दिवशीं आविलाचे फादर योहान ह्यांचें प्रवचन झालें. (हे फादर पुढें 1970 सालीं संत म्हणून घोषित झाले.) तें ऐकून आपला पुस्तकविक्या पश्चात्तापानें इतका व्याकूळ झाला कीं, भर रस्त्यांत रडत, छाती पिटीत, केस उपटीत धांवूं लागला. दुकानांतलें सर्व वांटून टाकिलें. पोरांनीं दगड मारिले, मोठ्यांनीं वेडा ठरविला, आणि दोघां भल्या गृहस्थांनीं दया येऊन त्याला राजाच्या इस्पितळांत वेड्यांच्या कोठडींत नेऊन ठेविलें.

त्या काळीं वेडावर औषध म्हणजे चाबूक. योहानाला बांधून फटके मारीत. तो स्वतःबद्दल तक्रार करीत नसे. शेजारच्या वेड्यांस मारूं लागले म्हणजे मात्र पहारेकऱ्यांस खडसावी, आणि त्यामुळें त्याला जास्तच फटके बसत. अखेर फादर योहान ह्यांनीं त्याची समजूत घातली कीं, हा आवेश दुसऱ्यांच्या उपयोगीं लावावा. तेव्हां त्याचें चित्त शांत झालें आणि सुटकेपूर्वीं तो त्याच इस्पितळांत रोग्यांची सेवा करूं लागला.

सुटल्यावर ग्वादालुपेच्या पवित्र मातेची यात्रा करून तो ग्रानाडास आला आणि रानांतून लांकडांची मोळी आणून विकूं लागला. पहिल्या दिवशीं मोळी घेऊन बाजारांत शिरण्याची त्याला लाज वाटली. वेशीपाशींच एका गरीब विधवेला ती देऊन तो मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या मनाला रागें भरून तो थेट चौकांत गेला. एवढा मोठा संत, पण ह्या लाजेची गोष्ट चरित्रकारांनीं लपविली नाहीं, हें बरें केलें.

लांकडांच्या पैशांतून आणि भिक्षेंतून त्यानें भाड्याच्या घरांत पहिलें इस्पितळ उघडलें. रस्त्यावर पडलेले आजारी, पांगळे, टाकलेलीं मुलें, वाटसरू, जो सांपडेल त्याला तो पाठीवर घालून आणी. संध्याकाळीं पाठीवर टोपली आणि दोरीला बांधलेलीं दोन भांडीं गळ्यांत अडकवून तो रस्त्यानें ओरडत जाई. दान करणारा आपलेंच भलें करितो, असा त्या हांकेचा भावार्थ होता. अंगावरचा कपडा वाटेंत भेटलेल्या भिकाऱ्याच्या चिंध्यांशीं बदलण्याची त्याला संवयच लागली. तेव्हां तुईचे बिशप, जे त्या वेळीं ग्रानाडाच्या राजन्यायसभेचे अध्यक्ष होते, त्यांनीं त्याला एक साधा झगा व योहान दे दिओस हें नांव दिलें. बिशपांनींच मान दिला, तेव्हां आपणही येथून पुढें त्यांचा उल्लेख आदरानेंच करूं.

आतां परतफेडीचें ऐका. तारीफाच्या मार्केसांनीं आपल्या जुगारी मित्रांकडून जमवून त्यांना 25 डुकाट दिले. त्याच रात्रीं मार्केस वेष पालटून, आपण नाडलेला गृहस्थ आहों असें सांगत त्यांच्याकडे मागावयास आले. योहानांनीं कांहीं न तपासतां ते 25 डुकाट सर्वच्या सर्व त्यांच्या हातावर ठेविले. दुसऱ्या दिवशीं मार्केसांनीं तें धन तर परत केलेंच, शिवाय पुष्कळ सोनें दिलें, आणि ग्रानाडांत होते तोंपर्यंत इस्पितळास रोज भाकरी, मेंढे व कोंबड्या धाडल्या.

ही गोष्ट सर्वत्र सांगतात. दुसरी क्वचितच कोणी सांगतो. योहान वेश्यावस्तींत जाऊन तेथील बायकांचें कर्ज फेडीत व त्यांस सन्मार्गास लावीत. त्यांतल्या चौघींनीं टोलेदो येथें आपलें कांहीं काम आहे, तें उरकूं दिलें तर आम्हीं सुधारूं, असें सांगितलें. योहानांनीं वाहनाची सोय केली आणि स्वतः बरोबर चालत गेले. वाटभर लोकांनीं टवाळी केली. एक जण वाटेंतच पळाली, दोघी टोलेदोंत नाहींशा झाल्या. बरोबरचा सोबती चिडला व चौथीलाही सोडून द्या म्हणाला. त्याला योहानांनीं मासळीचा दाखला दिला: चार ओझीं आणलीं, तीन नासलीं, म्हणून चांगलें चौथें कोणी फेंकून देत नाहीं. ती चौथी स्त्री पुढें लग्न करून सन्मार्गानें राहिली. मासळीच्या धंद्यांतल्या आपल्या लोकांस हा हिशेब चटकन समजेल.

इस्पितळांत भटके व दुर्वर्तनी लोक पोसले जातात, अशी तक्रार आर्चबिशप पेद्रो गेर्रेरो ह्यांच्या कानीं गेली. योहानांना बोलावणें आलें. त्यांनीं उत्तर दिलें कीं, आपल्या घरांत वाईट माणूस एकच आपणांस ठाऊक आहे, आणि तो आपण स्वतः. आर्चबिशपांनीं पुढें त्यांना अडविलें नाहीं. परंतु सावकार इतक्यावर थोडेच थांबतात! योहानांचीं कांहीं पत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एकांत ते कळवितात कीं, घरांत 110 हून अधिक माणसें आहेत आणि शर्ट, घोंगड्या, जोडे ह्यांपायीं 200 हून अधिक डुकाटांचें देणें झालें आहे. त्या देण्यामुळें पुष्कळदां घराबाहेर पडण्याची सोय नाहीं. परोपकारी माणूस देणेकऱ्यांचें तोंड चुकवीत घरांत बसला आहे, हें चित्र कोणत्याही वेदीवर काढलेलें मीं पाहिलें नाहीं.

त्यांना मिळालेलें सर्वांत मोठें धन मात्र दोन माणसें होतीं. आंतोन मार्तीन ह्याच्या भावाचा खून पेद्रो वेलास्को ह्यानें केला होता, आणि आंतोन त्याला फांशीं चढविण्यासाठीं कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होता. योहानांनीं त्याला क्षमा करावयास लाविलें. दोघेही वैरी त्यांचे सहकारी झाले, एकाच घरांत रोग्यांचीं अंथरुणें घालूं लागले.

1549 सालीं राजाच्या इस्पितळास आग लागली. तेंच इस्पितळ, जेथें योहानांनीं चाबूक खाल्ले होते. जमाव बाहेर उभा राहून पाहत होता. योहान आंत घुसले, रोग्यांस हातांनीं व पाठीवर बाहेर काढलें, नंतर खाटा, पांघरुणें खिडक्यांतून टाकिलीं. शेवटीं छपरावर चढून आग तोडीत असतां धुरांत ते दिसेनासे झाले, आणि ते गेलेच असें लोकांनीं धरिलें. थोड्या वेळानें ते बाहेर आले तेव्हां फक्त भुंवया होरपळल्या होत्या.

पुढच्या हिंवाळ्यांत हेनील नदीस पूर आला. वाहून येणारीं लांकडें गोळा केलीं तर गरिबांच्या चुलीस होतील म्हणून योहान आजारी असूनही कांठावर गेले. तेथें एक तरुण प्रवाहांत सांपडला. योहानांनीं गार पाण्यांत उडी घेतली, परंतु तो मुलगा हातीं लागला नाहीं. त्या थंडीनें त्यांचा आजार बळावला. आना ओसोरियो नांवाच्या थोर बाईंनीं त्यांस आपल्या वाड्यांत नेण्याचें ठरविलें, तेव्हां इस्पितळांतल्या रोग्यांनीं इतका आकांत केला कीं, त्यांचा पाय निघेना.

वाड्यांत आर्चबिशप भेटीस आले. कांहीं मनांत सलत असेल तर सांगा, असें त्यांनीं म्हटल्यावर योहानांनीं आपले गरीब, आपली कृतघ्नता आणि आपलें देणें अशा तीन गोष्टी सांगितल्या व उशाखालून देण्याची वही काढून त्यांच्या हातीं दिली. गरिबांचा सांभाळ व कर्जाची फेड दोन्ही आपण पत्करतों, असें आर्चबिशपांनीं वचन दिलें. इस्पितळ आंतोन मार्तीनच्या स्वाधीन झालें. 8 मार्च 1550 रोजीं पहांटे योहान बिछान्यावरून उतरले, क्रूस हातीं घेऊन गुडघे टेकले, आणि त्याच स्थितींत त्यांचा प्राण गेला. ज्या रस्त्यांत पोरांनीं त्यांना दगड मारिले होते, त्याच शहरांत त्यांची शवपेटी खांद्यावर घेण्यासाठीं सरदार पुढें आले.