एका शब्दाची माणसे

आटगाव हे कसारा मार्गावरचे लहानसे स्टेशन. आसनगाव सुटले की खिडकीतून माहुलीचे सुळके सोबत करतात आणि ते नजरेआड होण्याआधीच आमचे गाव येते. २००३ साली भाद्रपदातल्या एका पहाटे माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, वाचाही गेली. उरला एकच शब्द : बरं. पाणी हवे असले तरी बरं, नको असले तरी बरं. कुणी भगताकडे न्यायला सांगितले, कुणी म्हातारा भ्रमिष्ट झाला असे ठरवून टाकले. आम्ही घरचे लोकही त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागलो.

दिवाळीनंतर महामार्गालगतचा भाताचा तुकडा विकायची बोलणी निघाली. इसारपावती वाचून दाखवली. अण्णा बरं म्हणाले. आम्ही तो होकार धरला. अंगठा उठवताना ते डावा हात मागे ओढत होते. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तो हात मीच धरला होता.

पुढे पॉल ब्रोका या फ्रेंच शस्त्रवैद्याचे चरित्र माझ्या वाचनात आले आणि त्या दिवसाचा अर्थ मला उमगला.

ब्रोकाचा जन्म २८ जून १८२४ चा, बोर्दोजवळच्या एका छोट्या गावातला. वडील डॉक्टर, घराणे प्रॉटेस्टंट. पॅरिसला जाऊन त्याने वैद्यक पुरे केले, कर्करोगावर काम केले आणि शस्त्रवैद्य म्हणून नाव कमावले. १८५९ साली त्याने मानववंशशास्त्राची संस्था काढली. माणसाची चिकित्सा करणारी ही मंडळी राज्याला आणि धर्माला धोकादायक वाटल्याने तिच्या सभांना पोलिसांचा माणूस येऊन बसत असे.

या सभांत तेव्हा एक वाद पेटला होता. मेंदू हा एकजीव गोळा आहे, की त्याच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे आहेत? गाल नावाच्या वैद्याने पूर्वी कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगायचे शास्त्र काढले होते. ते भोंदू ठरल्याने मेंदूत कामाची वाटणी असते हा विचारही बदनाम झाला होता. तरी बुइयो नावाचे वृद्ध डॉक्टर आणि त्यांचे जावई ओबुर्तँ यांचा आग्रह होता, की वाचा कपाळामागच्या भागात असते.

वाद रंगात असतानाच, एप्रिल १८६१ मध्ये, बिसेत्र रुग्णालयात ब्रोकाच्या विभागात एक रोगी आला. नाव लबोर्न्य, वय ५१. लहानपणापासून फेपरे येणारा हा कारागीर तिशीत बोलायचा थांबला आणि तेव्हापासून रुग्णालयातच होता. काहीही विचारा, उत्तर एकच : तां, तां. सगळे त्याला तां म्हणूनच ओळखत. काही वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडला, मग पाय. आता तो पाय सडू लागला होता.

ब्रोकाचे मोठेपण मला दिसते ते इथे. मरणाच्या दारातल्या या माणसाशी तो बोलला. इथे येऊन किती वर्षे झाली, असे त्याने विचारले. तांने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. एकवीस वर्षे! उत्तर बरोबर होते. घड्याळ दाखवले तर त्याने वेळही नेमकी सांगितली. वाचा गेली होती, समज शाबूत होती.

१७ एप्रिलला तां वारला. ब्रोकाने मेंदू काढून पाहिला, तर डाव्या कपाळामागे अंड्याएवढा भाग नासलेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तो संस्थेपुढे ठेवला. काही महिन्यांनी ललाँ नावाचा ८४ वर्षांचा वृद्ध आला. त्याच्याकडे मोजके पाच शब्द उरले होते, आणि इजा जवळजवळ त्याच जागी निघाली. रोगी वाढत गेले, इजा डावीकडेच सापडत गेली. १८६५ साली ब्रोकाने जाहीर केले, की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतो. मार्क दाक्स या खेड्यातल्या डॉक्टरने हीच गोष्ट आधी, १८३६ साली लिहून ठेवली होती, पण ती छापली गेली १८६५ सालीच.

मेंदूचा डावा भाग उजवे अंग चालवतो. उजव्या हाताचा आणि बोलण्याचा भाग तिथे शेजारी शेजारी आहेत आणि दोघांना रक्त पुरवणारी धमनीही एकच. ती तुंबली की हात आणि वाचा बरोबरच जातात. ऐकलेले समजण्याचे मुख्य काम त्याच बाजूला मागे, कानाच्या वर चालते, हे १८७४ साली जर्मनीच्या वेर्निकने दाखवले. पुढचा भाग गेला आणि मागचा वाचला तर माणूस समजतो पुष्कळ, बोलू शकत नाही. २००७ साली संशोधकांनी तां आणि ललाँ यांचे जपून ठेवलेले मेंदू एमआरआय यंत्राने तपासले. इजा ब्रोकाला दिसली त्याहून खोल, भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली. म्हणजे वाचा एका खोलीत राहत नाही, खोल्यांमधल्या वाटाही तिला लागतात.

याच ब्रोकाने आयुष्यभर कवट्या मोजल्या आणि लहान मेंदूच्या बायका व काही वंश बुद्धीने उणे, असे मानले. ते चूक होते. एका मुक्या रोग्याची समज ओळखणाऱ्यालाही फूटपट्टी हाती येताच फसगत टळली नाही. १८८० मध्ये तो तहहयात सिनेटर झाला आणि त्याच वर्षी ९ जुलैला, ५६ व्या वर्षी वारला.

अण्णांकडे परत येतो. कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारले, मुले किती? अण्णांनी तीन बोटे दाखवली. शेत विकायचे का? त्यांनी मान जोरात हलवली, तोंडाने मात्र बरं म्हणाले. आम्ही खाली पाहिले. खरेदीखत व्हायचे होते. इसाराचे पैसे परत केले, वर दलालाची बोलणी खाल्ली.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर मानेने किंवा बोटांनी, आणि उत्तरासाठी थांबायचे. एकादशीच्या भजनात तर अण्णा पाठ असलेले अभंग शब्दांसकट म्हणत, कारण सुराला मेंदूची उजवी बाजूही साथ देते. अण्णा त्यानंतर सहा वर्षे जगले. पुन्हा त्यांच्या बरं या शब्दावर आम्ही एकही निर्णय घेतला नाही.

वाचकहो, आपल्या घरी किंवा आळीत असा एका शब्दाचा माणूस असेल, तर तो शब्द त्याचे उत्तर समजू नका. त्याचा हात बघा.