मातृभाषेतील स्तोत्रांचे संगीतकार मिकोवाय गोमूवका

सोळाव्या शतकात युरोपातील कॅथलिक चर्चमधील संगीताची भाषा प्रामुख्याने लॅटिन होती. सामान्य भाविकांना ती समजत नसे आणि त्यातील अवघड रचना प्रशिक्षित गायकच गाऊ शकत. अशा काळात पोलंडमधील साध्या घरांतही स्वभाषेत स्तोत्रे गायली जावीत, या हेतूने संगीतरचना करणारे संगीतकार म्हणजे मिकोवाय गोमूवका.

गोमूवका यांचा जन्म १५३५ च्या सुमारास सांदोमिएश या नगरात झाला. १५४५ मध्ये, बालवयातच, ते राजे दुसरे सिगिस्मुंड ऑगस्टस यांच्या संगीत पथकात दाखल झाले. तेथे त्यांनी बासरी व अन्य सुषिर वाद्यांचे शिक्षण घेतले आणि पुढे वादक म्हणून सेवा केली. १५६३ मध्ये दरबार सोडून ते जन्मगावी परतले. तेथे त्यांनी नगराच्या न्यायदानविषयक जबाबदाऱ्याही सांभाळल्या.

१५७९ मध्ये कवी यान कोहानोव्स्की यांनी बायबलमधील स्तोत्रसंहितेचे पोलिश पद्यरूपांतर प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, गोमूवका यांनी या सर्व १५० स्तोत्रांना दिलेल्या चाली क्राकुव येथे छापल्या गेल्या. हा ग्रंथ त्यांनी क्राकुवचे बिशप पिओत्र मिशकोव्स्की यांना अर्पण केला. चार आवाजांसाठी असलेल्या या रचनांत बहुतेक ठिकाणी चारही आवाज एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात. त्यामुळे अर्थ स्पष्टपणे ऐकू येतो. काही चालींत लोकप्रिय नृत्यांची लयही आढळते. धार्मिक मतभेदांच्या त्या काळात ही पोलिश स्तोत्रे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथीयांना आपली वाटली.

पुढील काळात गोमूवका यांनी खनिजांचा शोध घेण्याच्या व्यवसायातही लक्ष घातले. काही काळ ते राज्याचे प्रमुख मंत्री यान झामोयस्की यांच्या सेवेत होते. सध्याच्या युक्रेनमधील याझ्लोवेत्स येथे १६०९ मध्ये त्यांचे निधन झाल्याचे मानले जाते.

त्यांच्या रचनांपैकी हा एकच ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्यात चार आवाजांची सुरावट दिलेली असल्याने साथीच्या वाद्यांची निवड कलाकारांनाच करावी लागते. ल्यूट, व्हायोल, जुन्या घडणीच्या बासऱ्या अशा तत्कालीन वाद्यांवर या रचना सादर केल्या जातात. या वाद्यांचा नाद मृदू असल्याने शब्द झाकले जात नाहीत. आयुष्याची उमेदीची वर्षे वादक म्हणून घालवलेल्या गोमूवका यांनी आपल्या संगीतात अग्रस्थान मात्र शब्दांनाच दिले होते.