पंडिता रमाबाई आणि वयात येणारी पोरकी मुले

पोरक्या मुलास भाकरी देणारे भेटतात. परंतु ते मोठे होऊ लागले म्हणजे पुढे कोणाच्या आधाराने उभे राहील, हा प्रश्न उरतोच. पंडिता रमाबाईंस तो अनुभवाने ठाऊक होता. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. १८७४ साली, सोळाव्या वर्षी, दुष्काळात त्यांचे आईबाप निवर्तले. भाऊ श्रीनिवास ह्यासह त्या पायीच देशभर फिरल्या. जवळ धन नव्हते. आईने शिकविलेली संस्कृत विद्या मात्र होती, आणि तिच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्यास त्या ‘पंडिता’ ठरल्या.

म्हणूनच १८८९ साली मुंबईस शारदासदन काढून त्यांनी विधवांस आसऱ्याबरोबर विद्याही दिली. पुढे दुष्काळग्रस्त मुलींस आणून पुणे जिल्ह्यात केडगावी मुक्तिसदन वसविले. तेथे मुली शेती, विणकाम, दूधदुभते व छापखान्याचे काम शिकल्या. बाईंनी भाषांतरिलेल्या मराठी पवित्र शास्त्राचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. १९२२ साली बाई निवर्तल्या.

आज अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे मुलास बालगृह सोडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पण कायदा आजारात उशाशी बसत नाही. ह्याच जिल्ह्यातील पिंपरीच्या कारखान्यांत असा तरुण काम शोधावयास आला, तर त्यास राहावयास खोली, हाताला कसब आणि सणावारी जेवावयास घर आपण द्यावे. वाचकहो, बाईंचे स्मरण आम्हांस ह्याहून चांगले सुचत नाही.