लाता आणि नॉर्मा

घोड्यांची रेस म्हटलं की आपल्याला महालक्ष्मी नाहीतर पुण्याचा रेसकोर्स आठवतो. सपाट ट्रॅक, दोन-तीन मिनिटांत खेळ खल्लास. पण चेक देशातल्या पार्दुबित्से शहरात १८७४ पासून एक वेगळीच रेस होते. जवळजवळ सात किलोमीटर, तीसेक अडथळे, आणि त्यातला 'टाक्सिस' म्हणजे कहरच! उंच कुंपण आणि पलीकडे लपलेला रुंद खंदक. तिथे कितीतरी घोडे मेले आहेत.

या रेसमध्ये १९२७ साली एक बाई उतरली. लाता ब्रांडिसोवा, जन्म १८९५. घराणं सरदारांचं, पण पैसा बेताचा. (नाव आपल्या लताच्या किती जवळचं आहे ना!) घोड्यावर बसायचे पैसे घेणारा तो प्रोफेशनल जॉकी. लाता अमॅच्युअर, म्हणजे हौशी. आपण होस्टेलवर 'अमॅच्युअर' हा शब्द कच्चा लिंबू अशा अर्थाने वापरतो, ते मला आता पटत नाही. बाईने धावावं की नाही यावर मोठा वाद झाला, शेवटी परवानगी मिळाली. ती पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली, तरी रेस पूर्ण करून पाचवी आली. पुढची दहा वर्षं ती येतच राहिली.

१९३७ चा ऑक्टोबर. महिन्यापूर्वीच राष्ट्राध्यक्षपद भूषवलेले मासारिक वारले होते. शेजारी हिटलर बसलेला, आणि पार्दुबित्सेत अलीकडे जर्मन स्वारच जिंकत होते. बेचाळीस वर्षांची लाता किन्स्की घराण्याच्या नॉर्मा नावाच्या घोडीवर बसली आणि सगळ्यांना मागे टाकून पहिली आली! ही रेस जिंकणारी ती पहिलीच बाई. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये हे घडायला २०२१ उजाडलं, तेही रेचेल ब्लॅकमोर या प्रोफेशनल जॉकीच्या हातून.

पण हौशीपणाची एक गोम आहे. घोडा, तबेला, सवड, सगळं घरचं नाहीतर नात्यातल्यांचं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि घराण्याची इस्टेट गेली. १९४९ मध्ये एका रेसमध्ये पडून ती गंभीर जखमी झाली, तिथेच रेसिंग संपलं. नंतर कितीतरी वर्षं ती बहिणींबरोबर जंगलातल्या एका साध्या झोपडीवजा घरात राहिली. म्हातारपणी नातेवाईकांकडे ऑस्ट्रियाला गेली आणि १९८१ साली तिथेच वारली.