डॉ. आनंदीबाई जोशी व कोल्हापूरची रिकामी राहिलेली जागा

कोल्हापुरांतील ज्या रुग्णालयास आज छत्रपति प्रमिलाराजे यांचें नांव आहे, तें पूर्वीं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून प्रसिद्ध होतें. त्याच्या स्त्री-विभागावर १८८६ सालीं करवीर दरबारनें ज्या विदुषीची नेमणूक केली, तिच्या हातून तेथें एकाही रोग्याची शुश्रूषा घडली नाहीं. त्या डॉ. आनंदीबाई जोशी होत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. गोपाळराव त्यांच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील. बायकोनें शिकावें हा त्यांचा ध्यास होता व तो कित्येकदां जुलमापर्यंत जाई, हें लपविण्याचें कारण नाहीं. चौदाव्या वर्षीं बाईंना मूल झालें आणि तें थोड्याच दिवसांत दगावलें. पुरुष डॉक्टरपुढें संकोचानें दुखणें लपविणाऱ्या स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टरच हवी, हें त्यांच्या मनानें घेतलें.

गोपाळराव कोल्हापुरास असतांना, १८७८ सालीं, अमेरिकेस जाण्याविषयीं त्यांनीं मिशनऱ्यांशीं पत्रव्यवहार आरंभिला. तो तिकडील मासिकांत छापला गेला व न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला. त्यांनींच पुढें आनंदीबाईंना पोटच्या मुलीप्रमाणें आपल्या घरीं आश्रय दिला. आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परतणार, असें बंगालमधील सेरामपूरच्या सभेंत सांगून १८८३ च्या एप्रिलांत त्या पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या.

फिलाडेल्फियाचें स्त्रियांचें वैद्यकीय कॉलेज १८५० सालीं स्थापन झालेलें. स्त्रीशिक्षणाचा उपहास फक्त आमच्याकडेच झाला असें नाहीं. १८६९ सालीं याच कॉलेजच्या विद्यार्थिनी पेन्सिल्व्हानिया हॉस्पिटलांत शिकावयास गेल्या असतां, तेथील पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो केली होती. आनंदीबाईंच्या वेळीं रेचल बॉडले या कॉलेजच्या प्रमुख होत्या, आणि जपानच्या ओकामी व सीरियाच्या इस्लांबुली या तेथें सहाध्यायिनी होत्या. कडाक्याची थंडी, शाकाहाराचा नेम व लुगड्याचा वेष सांभाळून बाईंनीं अभ्यास चालविला. शरीर मात्र खंगत गेलें.

त्या देशीं त्यांनीं एका भाषणांत बालविवाहाची बाजू उचलून धरली, तेव्हां ऐकणाऱ्या अमेरिकन स्त्रिया चकित झाल्या. सुधारकांस ही गोष्ट आजही खटकते, व खटकावीच. परंतु परक्यांपुढें स्वजनांची निंदा करण्यास ज्यांची जीभ वळली नाहीं, त्यांनींच पदवीच्या निबंधासाठीं विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. बाईंचें खरें मत त्यांच्या भाषणापेक्षां त्यांच्या आयुष्यांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

११ मार्च १८८६ रोजीं पंडिता रमाबाईंच्या समक्ष त्यांना पदवी मिळाली. नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षयानें जर्जर होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनीं न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सीच्या स्मशानभूमींत जतन केली.

जिवंतपणीं ज्यांना रस्त्यांतून चालतांना टोमणे ऐकावे लागले, त्यांचा मरणानंतर सर्वत्र गौरव झाला. असा गौरव स्वस्त असतो. खरें स्मारक करवीरनें पुढें उभारलें. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं त्याच हॉस्पिटलांत स्त्रियांची सेवा केली. एकीची अपुरी राहिलेली वाट दुसरीनें चालावी, याहून मोठें श्राद्ध नाहीं.

बालविवाहास कायद्यानें बंदी झाली, तरी तो समाजांतून समूळ गेलेला नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे: मुलीच्या लग्नाची रक्कम ज्या वहींत मांडतां, त्याच वहींत तिच्या शिक्षणाची रक्कम आधीं मांडा. आनंदीबाईंना शिक्षण मिळालें. परंतु तें पेलण्यास लागणारें निरोगी बालपण त्यांना कोणीं दिलें नाहीं. तें आपल्या लेकींस देणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.