गार्सिया द ओर्ता

पणजीस चर्चसमोर नगरपालिकेची जी बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ता असे नाव आहे. तेथे खेळणाऱ्या मुलांस, किंबहुना बाकावर विसावणाऱ्या वडीलधाऱ्यांसही, हा पुरुष कोण होता ह्याची कल्पना क्वचितच असते. तो वैद्य होता, ग्रंथकार होता आणि जन्माने ज्यू कुळातील होता. ही तिसरी गोष्ट त्याला आयुष्यभर सांभाळून वागावयास लावणारी ठरली, आणि ती ध्यानात घेतल्यावाचून त्याचे चरित्र उलगडत नाही.

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातील ज्यूंस देशत्याग अथवा बाप्तिस्मा ह्यांपैकी एक पत्करण्याचा हुकूम केला. ओर्ताचे आईबाप सरहद्द ओलांडून पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद ह्या गावी आले. परंतु पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजानेही तेथील सर्व ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. अशा लोकांस 'नवे ख्रिस्ती' म्हणत. नाव ख्रिस्ती झाले, तरी शेजाऱ्यांची संशयी नजर काही हटली नाही. गार्सियाचा जन्म १५०० च्या सुमारास ह्याच गावी झाला. सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यक व तत्त्वज्ञान ह्यांचे अध्ययन केले, आणि १५३० साली तो लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला. असा स्थिरावलेला विद्वान १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिं आफोंसु द सोझा ह्या दर्यासारंगाचा खाजगी वैद्य म्हणून हिंदुस्थानकडे का निघाला? दोन वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारी धर्मन्यायसभा, स्थापन झाली. येणारे वादळ त्याने ओळखले असावे, असा तर्क वावगा ठरू नये.

आरंभीची काही वर्षे तो सोझाबरोबर मोहिमांवर हिंडला आणि नंतर गोव्यात स्थायिक झाला. व्हाइसरॉयांपासून सामान्य रोग्यांपर्यंत सर्वांस त्याने औषध दिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेहीही होता. निजामशहाने त्याला रोगांची अरबी नावे शिकवावी आणि त्याने निजामशहास लॅटिन नावे सांगावी, असा त्या दोघांचा परिपाठ असे. एक मुसलमान सुलतान, एक ज्यू कुळातील ख्रिस्ती वैद्य, आणि दोघांचाही मुक्काम मराठी मुलखात! पुढे पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. तेथील आपल्या वाडीतला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, हे त्याने कौतुकाने नमूद केले आहे. तो काही संन्यासी नव्हता. जमिनीचे उत्पन्न तो घेई, घरी गुलाम बाळगी, आणि येथील लोकांविषयी त्याचे काही शेरे आज वाचताना आपणांस रुचत नाहीत.

त्याचे खरे कार्य म्हणजे १५६३ च्या एप्रिलमध्ये गोव्यात छापलेला त्याचा पोर्तुगीज ग्रंथ. विषय हिंदुस्थानातील वनस्पती व औषधींचा. छापखाना गोव्यास येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. ग्रंथात साठाच्या आसपास संवाद आहेत. एका बाजूस स्वतः ओर्ता, तर दुसरीकडे नुकताच पोर्तुगालहून आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनो प्रत्येक वेळी ग्रीक व रोमन आचार्यांचा हवाला देतो. ओर्ता त्याला वस्तू हाती घेऊन पाहावयास लावतो. दासीस हाक मारून तो फळ मागवितो, साल मागवितो. मिरी, हिंग, कोरफड, फणस, नारळ, भांग, धोतरा, अफू ह्या सर्वांची तेथे चर्चा आहे. पटकीचे वर्णन तर इतके बारकाईचे आहे की युरोपीय वैद्यकातील ते पहिले समजले जाते. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचे म्हणणे तो ऐकून घेतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनसारख्या आचार्याविरुद्ध बोलण्याचे आपणांस धाडस झाले नसते, अशी प्रांजळ कबुलीही त्याने दिली आहे.

संवादरूपाने ग्रंथ लिहिण्याची रीत त्या काळी युरोपात सर्वत्र होती. तेव्हा तिच्यावरून त्याच्या ज्यू संस्कारांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होईल. तरीही ज्यूंच्या ताल्मुद ग्रंथाची येथे आठवण होते. त्यात गुरुजनांचे वाद नोंदलेले आहेत, आणि जो पक्ष हरला त्याचे मतही पुसून न टाकता जपून ठेवले आहे. प्राण वाचविण्याचा प्रसंग आला तर शब्बाथचे बंधनही बाजूस ठेवावे, अशी त्या परंपरेची आज्ञा आहे. परक्याला छळू नये, कारण आपणही एकदा मिसर देशात परके होतो, हे तर मोशेच्या ग्रंथांत पुनःपुन्हा बजाविले आहे. आणि हे ग्रंथ ख्रिस्ती लोकांस अपरिचित होते काय? मुळीच नाही. ते त्यांच्याच बायबलाचा पूर्वार्ध आहेत. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची जी आज्ञा येशूने शिकविली, ती मोशेच्या लेवीय ग्रंथातील; आणि येशू स्वतः ज्यू आईच्या पोटी जन्मलेला. गोव्याच्या देवळांत रोज स्तोत्रे गाइली जात ती ज्यूंचीच. गाणाऱ्यांस मात्र ज्यू शेजारी सहन होत नव्हता.

१५४३ सालीच जेरोनिमु दियश ह्या वैद्यास यहुदी मताच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यास आले. ओर्तास वजनदार मित्रांचा आधार होता, म्हणून तो १५६८ साली घरीच मरण पावला. त्याच्या बहिणीचे, कातारीनाचे, नशीब तसे नव्हते. तिला धरून नेले आणि छळ करून जबाब घेतले. आपला भाऊ मनाने ज्यूच होता, असे त्या जबाबांत आले. छळाखाली काढलेल्या शब्दांवर किती विश्वास ठेवावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जिवंत जाळले. पुढे ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाळली.

ह्याच कोकणपट्टीत, अलिबागेच्या परिसरात, बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. गावकऱ्यांनी त्यांस 'शनवार तेली' असे नाव दिले, आणि गोष्ट तेवढ्यावरच थांबली. आपला पेडणे महालही पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ मध्ये. त्यामुळे इब्रामपूरच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकातील तो जाच पाहिला नाही.

ग्रंथास मात्र जाळ लागला नाही. क्लुसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास त्याची प्रत लिस्बन येथे मिळाली, आणि १५६७ साली अँटवर्प येथे त्याने तिचा लॅटिन सारांश छापला. ओर्ताच्या हयातीतच त्याची विद्या अशी युरोपभर पोचली. हाडे जाळल्याचा वृत्तांत पुष्कळ काळ दप्तरांतच राहिला. विसाव्या शतकात सिल्व्हा कार्व्हालो ह्या पोर्तुगीज संशोधकाने ते कागद उजेडात आणले. कॅथलिक धर्मसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, ज्यूद्वेषाचा निषेध केला आणि आपल्या श्रद्धेचे मूळ ज्यू परंपरेत आहे हे मान्य केले. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे रोममधील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गेले. १९७१ साली पोर्तुगालने वीस एस्कुदोंच्या नोटेवर ओर्ताचे चित्र छापले होते.